दोन व्याह्यांचं रॉकेट

एकहात हे नाव ऐकून नवा माणूस आधी त्यांच्या बाह्यांकडे बघायचा. डावी बाही भरलेली, उजवीही भरलेली. मग तो ओशाळून तिसरीकडेच कुठेतरी बघत बोलायला लागायचा.

एकहातांचे दोन्ही हात शाबूत होते, आणि उजवा तर गल्लीतल्या कुठल्याही हातापेक्षा स्थिर होता. नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यावरून. आयुष्यभर त्यांनी पाट्या रंगवल्या. पाटी दुकानाची असो, दवाखान्याची असो की 'येथे गाडी लावू नये'ची, काम झालं की ब्रश डब्यावर आडवा ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचं, एक डोळा मिटायचा, मान डावीकडे कलती करायची आणि छातीतून आवाज काढायचा, "हंऽऽ... अजून एक हात." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो झालं की, आरसा झालाय त्याचा, दुकान उघडू द्या आता. एकहात शांतपणे ऐकून घ्यायचे आणि ब्रश उचलायचे. रंगाचा एक थर म्हणजे एक हात, आणि चार हातांखाली त्यांनी कुणालाच कधी सोडलं नाही. एका न्हाव्याची पाटी त्यांनी अशी काही रंगवली की न्हावी गेला, त्या जागी चपलांचं दुकान आलं, तरी 'केशकर्तनालय' खरवडता खरवडेना. चपलावाल्याकडे वर्षभर माणसं हनुवटीवरून हात फिरवत येत होती.

पाट्यांखेरीज एक मोठं काम त्यांच्याकडे होतं. वस्ती संपते तिथल्या दुरुस्ती कारखान्याच्या फाटकाशी, सिमेंटच्या चौथऱ्यावर, एक जुनं क्षेपणास्त्र उभं केलेलं होतं. एके काळी खरंखुरं, आता आतून पोकळ. नऊ मीटर उंच, पांढरंशुभ्र अंग, नाकाखाली दोन तांबडे पट्टे, तळाशी चार पंख, आणि पंखांच्या वर एक चौकोन काळा, एक पांढरा, असा अंगाभोवती वेढा. दर चार वर्षांनी ते रंगवायचं काम एकहातांकडे यायचं. सहा वेळा त्यांनी ते रंगवलं. कुठे पोचा आहे, कुठल्या ओळीत पत्रा जोडणारे किती रिव्हेट आहेत, हे त्यांच्या तळहाताला पाठ होतं. एका पंखाखाली चिमणीचं घरटं होतं, म्हणून तेवढी वीतभर जागा सहाही वेळा बिनरंगाची राहिली. हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं.

ते काळे-पांढरे चौकोन कशासाठी, हे त्यांनी एकदा तिथल्या हेडक्लार्कला विचारलं होतं. हेडक्लार्क मान वर न करता नाकातून बोलायचा. म्हणाला, डिझाईन आहे. एकहात म्हणाले, हो, पण कशासाठी? तर म्हणाला, वरून आलंय. यावर पुढे विचारायला काही उरत नाही, म्हणून एकहातांनी चोवीस वर्षं ते चौकोन न समजता, पण अगदी काटकोनात रंगवले.

आता दुसरा माणूस. एकहातांच्या मुलीचे सासरे. पंपांच्या कारखान्यात लेथवर पस्तीस वर्षं काढलेली, सगळं मापात. बाजार किती लांब आहे विचारलं तर 'जवळच' म्हणणार नाहीत, 'एक पॉइंट दोन किलोमीटर' म्हणतील. कारखान्यात त्यांना दशांश म्हणायचे, आणि हे नाव त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन घरी आलं. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकटेच राहायचे.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मुलगी-जावई नोकरीसाठी लांबच्या शहरात गेले, आणि मागे राहिले दोन व्याही. व्याही म्हणजे काचेचं सामान. वापरायचं नाही, पुसून जागेवर ठेवायचं. दर रविवारी सकाळी दहाला दशांश येणार, दारातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसणार, जणू पूर्ण बसले तर खुर्चीचं भाडं पडेल. बोलणं कसं, तर प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर 'नाही, म्हणजे' आणि शेपटाला 'आपलं उगीच'. "नाही, म्हणजे, ऊन वाढलंय, आपलं उगीच." उन्हाबद्दलही माणूस माफी मागायचा. त्यावर एकहात म्हणणार, तुम्ही म्हणता ते खरं. अकरा वर्षांत दोघांचा एकदाही मतभेद झाला नव्हता, आणि म्हणून ओळखही झाली नव्हती.

चहाचंच बघा. लग्न ठरलं त्या दिवशी गडबडीत एकहातांच्या बायकोच्या हातून साखर तीनदा पडली. दशांशांनी घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, नाही, म्हणजे, छान गोड झालाय. झालं. तेव्हापासून दर रविवारी तीन चमचे. घरात दोघंही बिनसाखरेचा पिणारे, पण व्याह्यांपुढे वेगळा कप घेणं बरं दिसत नाही, म्हणून रविवारचा तो पाक एकहात डोळे मिटून औषधासारखा घ्यायचे.

अशाच एका रविवारी, बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून, एकहात क्षेपणास्त्राबद्दल बोलून गेले. "चोवीस वर्षं त्याला रंगवलं, व्याही. नवरदेवाला नटवावं तसं नटवलं. पण पठ्ठ्या तसूभर हलला नाही. मी रंगवलेली एकही गोष्ट कधी जागची हलली नाही. एकदा काहीतरी उडताना बघायला मिळालं असतं, तर बरं झालं असतं." दशांश म्हणाले, खरं आहे. आणि गेले.

पुढच्या रविवारी ते खिशातून चार घड्यांचा कागद काढून बसले. वर्षातून एकदा शाळेच्या मागच्या माळावर मॉडेल रॉकेटचा क्लब उड्डाणाचा दिवस करायचा. खऱ्या रॉकेटची हुबेहूब लहान प्रत करायची, ती तपासून घ्यायची, आणि उडवायची. हुबेहूबपणालाही गुण असायचे. क्लबकडून एक तयार मोटर मिळायची, बोटभर लांब, जाड कागदाच्या नळीत दारू ठासलेली. दशांशांनी कागद उलगडला, परत घडी घातली, परत उलगडला. "नाही, म्हणजे, तुमचं ते फाटकावरचं. बारावा हिस्सा धरला तर पंचाहत्तर सेंटिमीटर होतं. सांगाडा मी करीन. रंग तुमचा. आपलं उगीच."

एकहातांनी तो चहा त्या दिवशी चवीने प्यायला म्हणतात.

दशांशांनी फाटकाशी जाऊन मापं घेतली. कारखान्याचा रखवालदार त्यांना काय करताय विचारायला आला आणि दोन तास फितीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. मग त्यांनी जाड कागदाची नळी गुंडाळून चिकटवली, हलक्या लाकडाचं नाक लेथवर उतरवलं, अगदी तोंडात विरघळेल असं गुळगुळीत, आणि कागदासारख्या पातळ लाकडाचे चार पंख कापले. एकहातांच्या बायकोने शिवणयंत्रावर अस्तराच्या रेशमी कापडाची छत्री शिवली, बशीसारखी गोल, आठ दोऱ्यांची. वर पोचलं की नाक उडून ही छत्री उघडणार आणि रॉकेट हळूहळू खाली येणार. मोटर घालून सगळं मिळून वजन भरलं एकशे अडुसष्ट ग्रॅम. दोनशे चाळीसच्या वर जायचं नाही, असा क्लबचा नियम. दशांशांनी हे दोनदा सांगितलं. एकहातांनी दोनदा मान डोलावली. रंगाला वजन असतं, हा विचार चाळीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता. भिंतीला कोण काट्यावर ठेवतो?

मागची खोली त्यांनी ताब्यात घेतली. पंखा बंद, कारण धूळ उडते. खिडकी अर्धी, कारण उजेड हवा. कपड्यांच्या दोरीला रॉकेट आडवं टांगलं. आधी अस्तराचा हात, मग पॉलिश पेपर, मग पांढरा, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा पांढरा. बायको दारातून विचारायची, झालं का? आतून आवाज यायचा, "हंऽऽ..." आणि ती पुढचं न ऐकताच परत जायची. पंखांवर तर त्यांचा विशेष जीव. फाटकाशी पंख माणसाच्या डोळ्यांसमोर येतात, चूक लपत नाही. लाकडाच्या रेषा दिसू नयेत म्हणून पुट्टी, पुट्टी दिसू नये म्हणून रंग, रंगाला धार यावी म्हणून परत रंग. मग दाताच्या काडीच्या टोकाने दोनशे बारा रिव्हेट, एकेक ठिपका. आणि ज्या पंखाखाली घरटं होतं, त्या पंखाखाली नखाएवढी जागा त्यांनी बिनरंगाची ठेवली.

पाचवा हात झाला त्या आठवड्यात दशांश मंगळवारीच आले. हे अघटित होतं. म्हणाले, नाही, म्हणजे, नाकाचा सांधा जरा बघायचा होता. रॉकेट घरी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी आणून दिलं. एकहातांनी ते उजेडाला धरलं. नाकाच्या सांध्याशी रंगावर बारीक ओरखडे होते, आणि भोवताली कुणीतरी ओल्या फडक्याने पुसलेलं. त्यांना वाटलं, रंग पसंत पडला नाही. खरवडून बघितला आणि भिडेखातर गप्प बसले. कुणी तोंडावर नावं ठेवली असती तर एकहातांनी दोन शब्द सुनावले असते. पण मुलीच्या सासऱ्याला काय सुनावणार? त्यांनी तोंड मिटलं, डबा उघडला आणि नाकापासून शेपटापर्यंत सहावा हात दिला. तो वाळल्यावर, मनातली सल वाळली नाही म्हणून, सातवा.

त्यानंतरच्या गुरुवारी दशांश परत आले. परत नाकाचा सांधा. परत ओरखडे. एकहात त्या दिवशी जेवताना ताटातला भात चिवडत बसले. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

तपासणी उड्डाणाच्या आठ दिवस आधी, शाळेच्या प्रयोगशाळेत होती. क्लब चालवायच्या त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, गळ्यात शिट्टी. बाई बोलायच्या तारेसारखं, शब्दाला पैसे पडत असल्यागत. "पुढचं. वजन. ठेवा. उचला. जा." मुलं, बापे, निवृत्त लोक, सगळे आपापली रॉकेटं तान्ह्या पोरासारखी कडेवर घेऊन रांगेत. एकहातांचं रॉकेट टेबलावर ठेवलं तेव्हा रांग मोडून माणसं जवळ आली. एकाने बोट पुढे केलं आणि स्वतःच मागे घेतलं. बाईंनीसुद्धा शिट्टी तोंडातून काढली. "सुंदर," त्या म्हणाल्या, आणि काट्यावर ठेवलं. दोनशे चौऱ्याऐंशी.

"जास्त."

त्यांनी नाक ओढून काढलं, उलटं केलं, आत बोट घातलं. आत शिसं होतं. एक मोठा गोळा आणि वर एक लहान, लाकडाच्या खुंटीने पक्के बसवलेले. एकहात शिशाकडे बघत राहिले. मग दशांशांकडे. दशांश खिडकीकडे बघत होते, जणू तिकडून त्यांना कुणीतरी हाक मारणार होतं.

बाईंनी शिसं काढून बाजूला ठेवलं आणि परत वजन केलं. दोनशे एकोणचाळीस. एकहातांनी श्वास सोडला. पण अजून एक तपासणी होती. बाईंनी रॉकेटच्या मध्याशी, जिथे ते तोललं जातं तिथे, दोरी बांधली, आणि सगळ्यांना मागे सारून ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. चांगलं रॉकेट अशा वेळी नाक पुढे करून धावतं. हे मात्र शेपूट पुढे करून फिरायला लागलं, डौलात, दोनशे बारा रिव्हेटांसह, गाढवाने उलटं चालावं तसं. कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं.

बाईंनी थांबवलं आणि त्या दिवसातलं सगळ्यांत लांब भाषण केलं. "बाणाचं टोक जड हवं. तुमचं शेपूट जड आहे. रंगाने. टोकात शिसं घातलं तर वजन जास्त. काढलं तर उलटं फिरेल, लोकांच्या अंगावर येईल. याहून मोठी मोटर आमच्याकडे नाही." मग जरा मऊ आवाजात, "छान आहे. काचेच्या कपाटात ठेवा. उडवायचंच असेल तर रविवारी सकाळी परत आणा. पुढचं."

काचेच्या कपाटात. म्हणजे आणखी एक चौथरा. एकहात रॉकेट काखेत धरून चालायला लागले आणि एक पॉइंट चार किलोमीटर चालतच राहिले. दशांश दोन पावलं मागून.

घरी टेबलावर रॉकेट ठेवलं. बायको शिवणयंत्राशी बसली होती. एकहात समोरच्या खुर्चीवर बसले.

"शिसं कधी भरलंत?"

"नाही, म्हणजे..."

"व्याही, 'म्हणजे' नको. कधी?"

दशांशांनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. "पाचव्या हातानंतर. तोल दोन बोटं मागे गेला होता. मग सातव्यानंतर परत थोडं."

"मला वाटलं, माझा रंग खरवडून बघितलात. आवडला नाही म्हणून."

"रंग?" दशांश पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाले. "असा रंग मी जन्मात बघितला नाही. मी आपलं नाक उघडत होतो."

"मग तोंडाने सांगायचं, की रंग पुरे."

"सुनेच्या वडिलांना कसं सांगायचं, की तुमच्या कामाने बिघडतंय?"

"आणि मी तरी मुलीच्या सासऱ्याला कसं विचारायचं, की माझ्या रंगाला नखं का लावलीत?"

यंत्र थांबलं. बायको दोरा दाताने तोडत, मान वर न करता म्हणाली, "आपली पोरं तिकडे रोज भांडतात. फोनवर ऐकते मी. संसार चाललाय चांगला."

यंत्र परत सुरू झालं. एकहातांनी रॉकेट हातात घेतलं, एक डोळा मिटला, मान डावीकडे कलती केली. दशांशांनी श्वास धरला. "हंऽऽ" आलंच. पण पुढचे शब्द वेगळे होते.

"पॉलिश पेपर आणा, व्याही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. खरखरीत आणा."

रंग चढवायला महिना लागला होता, उतरवायला चार दिवस लागले. आधी रिव्हेट गेले, पहिल्या दहा मिनिटांत, दोनशे बाराच्या दोनशे बारा. त्या वेळी एकहातांचा हात थांबला होता, हे दशांशांनी बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. पंखांच्या कडा घासताना थरांच्या रेषा दिसायला लागल्या, झाडाच्या खोडात वर्षांच्या दिसतात तशा. एकहात बोट ठेवून सांगत होते, हा तिसरा हात, त्या दिवशी दमट हवा होती. हा चौथा, हा चांगला बसला होता. हा सहावा, हा रागाचा. स्वयंपाकघरातला काटा आणून ठेवला होता, आणि दर पाव तासाने दशांश वजन करून सांगायचे. दोनशे एकतीस. दोनशे अठरा पॉइंट पाच. 'आपलं उगीच' म्हणायचं ते एव्हाना विसरत चालले होते.

तिसऱ्या दिवशी तोल बघायला दोघंही गच्चीवर गेले. एकहातांनी दोरी बांधली, दशांशांनी फिरवलं. दोन म्हातारे गच्चीवर एक रॉकेट डोक्याभोवती गरगरवताहेत, हे समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या एका शेजारणीला दिसलं, आणि तिने आतून सगळ्यांना बोलावलं. शेपूट अजून पुढे येत होतं. खाली आले. अजून घासलं. परत वर गेले. या वेळी पहिल्या दोन फेऱ्यांत डगमगलं, आणि मग नाकाने वाट धरली. समोरच्या इमारतीत टाळ्या वाजल्या. शिशाचा लहान गोळा तेवढा परत आत घातला, वर जातानाही तोल पक्का राहावा म्हणून.

आता अंगावर होता तो एक पातळ पांढरा हात, तोही असा की पंखांच्या लाकडाच्या रेषा आरपार दिसाव्यात. तांबडे पट्टे फिके. काळे चौकोन एकाच फटकाऱ्याचे. शनिवारी संध्याकाळी एकहातांनी ते दोरीला टांगलं, दोन पावलं मागे सरले. तांबड्याचा डबा उघडाच होता.

"पट्टा तेवढा..." ते म्हणाले. "नाकाकडेच आहे. शेपटाला काही होत नाही."

"नको," दशांश म्हणाले.

'नाही, म्हणजे' नाही, 'आपलं उगीच' नाही. नुसतं 'नको'. अकरा वर्षांतलं पहिलं. बोलून झाल्यावर तेच दचकले. एकहातांनी त्यांच्याकडे बघितलं, मग डब्यावर झाकण ठेवून तळव्याने ठोकून बसवलं.

रविवारी सकाळी माळावर वारा कमी होता. बाईंनी वजन केलं, दोनशे दोन. दोरीने फिरवलं, नाक पुढे. त्यांनी पंखांवरून बोट फिरवलं, लाकडाच्या रेषा बघितल्या, आणि एकहातांकडे बघून मान हलवली. एक शब्दही खर्च केला नाही.

बाराव्या नंबरला त्यांची पाळी आली. रॉकेट एका उभ्या पोलादी दांडीवर सरकवलं, मोटरला तार जोडली, आणि सगळे पंधरा पावलं मागे आले. बटणाची पेटी दशांशांनी एकहातांपुढे धरली. एकहात म्हणाले, तुम्ही दाबा. बटण दाबणाऱ्याला बटणाकडे बघावं लागतं, मला तिकडे बघायचंय. बायको छत्रीच्या दोऱ्यांचा गुंता मनातल्या मनात सोडवत उभी होती.

बाई उलटे आकडे म्हणाल्या. दशांशांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. अर्धा सेकंद, पण दशांशांना विचाराल तर शून्य पॉइंट सहा. आणि मग कपडा टर्रकन फाटावा तसा आवाज झाला आणि दांडी रिकामी झाली.

एकहातांची मान वर गेली. पांढरी रेघ सरळ वर चालली होती, नाक पुढे, जराही न डगमगता. आणि चढता चढता रॉकेट स्वतःभोवती फिरायला लागलं. इतक्या उंचीवर ना पट्टे दिसत होते ना पंख. पण तळाचे ते चौकोन दिसत होते. काळा, पांढरा, काळा, पांढरा, डोळा मिचकावल्यासारखे.

"फिरतंय," एकहात म्हणाले. मग, कुणाला न सांगता, "त्यासाठी आहेत होय ते. फिरताना दिसावं म्हणून."

"नाही तर काय?" दशांश वर बघतच म्हणाले. "नुसत्या पांढऱ्याचं काय कळणार, फिरतंय का उभं आहे ते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला सांगितलं होतं, वरून आलंय."

वर एक ठिपका फुटला आणि त्याची बशी झाली. छत्री उघडली होती. बायकोने तोंडावर पदर धरला आणि सोडला. रॉकेट झुलत झुलत माळाच्या पलीकडच्या खडीवर उतरलं. एकहात सगळ्यांत आधी पोचले, त्या वयाला शोभणार नाही अशा चालीने. एका पंखाचं टोक मोडलं होतं. घरट्याचा तो पंख, पण नखाएवढी बिनरंगाची जागा तशीच होती, आता सगळंच जवळपास बिनरंगाचं असल्यामुळे ओळखू येत नव्हती. अंग अजून कोमट होतं. ते त्यांनी छातीशी धरलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

हुबेहूबपणाच्या गुणांत त्यांचा नंबर शेवटून तिसरा लागला. बाईंनी कागदावर कारण लिहिलं होतं: रिव्हेट नाहीत. एकहातांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

घरी आल्यावर चहा झाला. बायकोने कप पुढे केला. दशांशांनी तो घेतला, खुर्चीत मागे टेकून बसले, पूर्ण, पाठीसकट. मग कप तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"विहीणबाई, एक सांगू?"

"सांगा की."

"चहा फार गोड असतो तुमचा. अकरा वर्षं झाली."

बायको एकहातांकडे बघायला लागली. एकहात आपल्या कपाकडे बघत होते. त्यांनी तो उचलला, मोरीत ओतून आले आणि रिकामा कप बायकोच्या हातात दिला.

"सगळ्यांनाच परत कर," ते म्हणाले. "साखर नको."